गणपती कुठं बसवताव?

त्या दुपारी आम्ही दोघं मागच्या दारी पाट धूत होतो. ती नारळाच्या सोडणाने घासत होती, मी पाणी ओतत होतो. पाऊस जरा उघडला होता म्हणून तिची घाई चालली होती. मी सावकाश ओतलं तर म्हणाली, "अवो, पाट धुताव का अभिषेक करताव?" जोरात ओतलं तर लुगडं भिजलं म्हणून ओरडली. मग सगळे पाट पडवीत भिंतीला उभे केले आणि चहा घेतला. चहात साखर कमी होती. मी ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "डबा तिथं हाय आनि हात तुमाला देवानं दिलेत." संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली. रिक्षाने दवाखान्यात नेली. उजाडायच्या आत मंगल गेली.

एवढंच. यावर जास्त लिहीत नाही, कारण मंडळाने माझ्याकडे रडगाणं मागितलेलं नाही. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची स्मरणिका निघते आहे. अध्यक्षांचा फोन आला, "अप्पा, गावची पोरं-पोरी आता नोकऱ्या सोडून काय काय करतात. कोणी मेणबत्त्या करतं, कोणी मातीचे कप करतं, कोणी केकवर फुलं काढतं. तुम्ही गाव सोडून गेलात आणि जन्मभर कलेवर घर चालवलंत. त्यांना चार गोष्टी लिहून द्या." मी म्हटलं, मी चौथी पास, तीसुद्धा गुरुजी कंटाळले म्हणून. ते म्हणाले, "शुद्धलेखन आम्ही बघू." तेव्हा यात जे शुद्ध दिसेल ते त्यांचं, बाकी माझं.

आता जी पोरं शहरातच जन्मली त्यांच्यासाठी आधी सांगतो. आमच्या कोकणात घरचा गणपती दुकानातनं उचलून आणायची रीत नव्हती. घरचा लाकडी पाट मूर्ती करणाऱ्याकडे आधी नेऊन द्यायचा. तो मूर्ती फळीवर घडवतो, सुकवतो, रंगवतो, मग ज्याच्या त्याच्या पाटावर बसवतो, आणि पाटावर बसली की सगळ्यात शेवटी तिचे डोळे काढतो. त्याला आखणी म्हणतात. आणि हे जिथे चालतं त्या जागेला कारखाना म्हणत नाहीत, शाळा म्हणतात. गणपतीची शाळा. शाळा असली की मास्तर आलाच. म्हणून चौथीनंतर शाळा सोडलेल्या मला रत्नागिरीतली सगळी मांडवी मास्तर म्हणते. खऱ्या मास्तरांनी हे ऐकलं असतं तर पुन्हा छडी काढली असती.

देवरूखहून सुटलेली गाडी जिथे तोंड फिरवते तिथे आमचं गाव. बाबांची शाळा होती. आजूबाजूच्या वाड्यांचे पाट आमच्याकडे यायचे. आम्ही भाऊ दोघं, हात दोघांचेही बरे. पण तेवढ्या पाटांवर एक चूल पेटते, दोन नाही. माझं लग्न झालं त्याच वर्षी बाबांनी जेवताना सांगितलं, "एका शाळेत दोन मास्तर नकोत. दादा इथलं बघेल. तू रत्नांग्रीला जा." भांडण नाही, तंटा नाही. भाताचा घास गिळला आणि हो म्हटलं.

निघालो त्या दिवशी दोन साचे गोणपाटात पेंढा भरून बांधले होते. आये स्टँडवर आली. तिने कधी समुद्र पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी तिला सगळं माहीत होतं. म्हणाली, "माती उंचावर ठेव रे बाबा. समुद्र घरात शिरतो म्हनतात तिकडे." कंडक्टरने गोणीला हात लावून विचारलं, "यात काय?" मी म्हटलं गणपती. तो म्हणाला, "मग त्यांना खिडकी द्या, आपन उभं ऱ्हावा." दादा गाडी वळेपर्यंत उभा होता. मला वाईट वाटत होतं. मंगलला अजिबात नाही. ती सावर्ड्याची, भर बाजारात वाढलेली. तिचा बाप कासाराच्या दुकानात बांगड्या भरायचा. आमच्या गावात तिला माणसंच कमी वाटायची. गाडी सुटली तशी तिने पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढला आणि खायला लागली.

रत्नागिरीत येऊन कळलं की इथे आमची कोणाला गरज नाही. धंदा काढणाऱ्यांनी हे पहिलं ऐका. तुमची वाट बघत कोणी बसलेलं नसतं. इथल्या घराघराची शाळा ठरलेली. आजोबाचा पाट जिथे जायचा तिथेच नातवाचा. पाट हलवणं म्हणजे कुलदैवत बदलण्यासारखं. आम्ही मांडवीला एक खोली आणि पडवी भाड्याने घेतली, मी माती मळून बसलो. मला वाटायचं, मूर्ती चांगली असली की माणसं आपोआप येतील. माणसं आली, समुद्रावर फिरायला. जाता जाता डोकवायची, छान छान म्हणायची आणि भेळ खायला जायची. छान म्हणणारा आणि पाट देणारा ही दोन वेगळी माणसं. तुमच्या फोनवर जे अंगठे येतात त्यांचंही तेच.

मंगलने वेगळं केलं. इथे जुनं कोण आहे ते तिने बघितलंच नाही, नवीन कोण आलंय ते बघितलं. वाण्याकडे एक माणूस गूळ मागत होता, त्याच्या बोलण्यावरून ओळखलं की हा आपल्या सावर्ड्याकडचा. शिंदे त्याचं नाव, कचेरीत क्लार्क, बदलीवर आलेला. माहेरचा माणूस म्हणून तिने त्याला धरला. गणपतीला गावी जाता का विचारलं. तो म्हणाला, भावांशी पटत नाही, यंदा इथेच आणायचा म्हणतो, पण पाट कुठे द्यायचा ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो सुताराकडून कोरा पाट घेऊन आला. अजून रंध्याचा वास येत होता त्याला. आमच्या शाळेतला तो पहिला पाट. त्याच्या मागून त्याच्या ऑफिसातले, मग बदलीवर आलेल्या दोन शिक्षिका, मग बंदरावर कामाला आलेलं एक कुटुंब. सगळे आमच्यासारखेच उपटून आलेले. दुसऱ्याचं जुनं गिऱ्हाईक ओढायला जाऊ नका. त्यात तोंड खराब होतं. जो कालच आला आहे, ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही, तो तुमचा.

पुढच्या वर्षी शिंदे पाट घेऊन आला, पण पाट खाली ठेवीना. डोकं खाजवत म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. मूर्ती झकास होती. पण बाप्पा आमच्याकडे बघत नव्हता."

"मग कुठे बघत होता?"

"खाली. काहीतरी पडलंय आणि ते शोधतोय असा."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे आमच्या बाबांचे डोळे आहेत, अख्खा मुलूख या डोळ्यांपुढे हात जोडतो. शिंदेने पाट काखेत घट्ट धरला. मंगल मात्र भांडी घासता घासता हसायला लागली ती थांबेना. मी तिच्यावरही ओरडलो. तेव्हा ती म्हणाली, "अवो, तुमी गावचे डोळे हितं आनलाव."

तिचं बरोबर होतं. गावात घरं मोठी, गणपती उंच बसतो, माणसं खाली जमिनीवर बसून आरत्या म्हणतात. म्हणून बाबा डोळे खाली झुकलेले काढायचे. ते मी मापासारखे शिकलो होतो. शिंदेच्या भाड्याच्या खोलीत गणपती बसला बुटक्या स्टुलावर. तिथे तेच डोळे फरशी बघणार, दुसरं काय बघणार? मी बाबांचा हात आणला होता, बाबांचं घर आणलं नव्हतं. गाव सोडलेल्या माणसाची ही चूक असते. आपण जे अगदी बरोबर शिकून येतो तेच नव्या जागी चुकतं, आणि बरोबर शिकलेलं असतं म्हणून लवकर सुटत नाही.

त्या वर्षापासून जो पाट घेऊन येईल त्याला मंगल पहिला प्रश्न विचारायची, "गणपती कुठं बसवताव?" रंग नाही, पितांबर नाही, मुकुट नाही. आधी जागा. स्टुलावर का कपाटावर, दारासमोर का कोपऱ्यात, समोर बसणार कोण. मी म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाली, "आमच्या बाबांनी बांगड्या भरताना कधी बाईला आधी रंग नाय विचारला. आधी हात हातात घ्यायचे, मनगट बघायचे. रंग काय, कुठलापन आवडतो." मातीचे कप करणारीला माझं हेच सांगणं आहे. कप कोण धरणार ते विचार. म्हाताऱ्याची बोटं आखडलेली असतील तर कान मोठा लागेल. निळा का हिरवा ते मग.

आणि डोळे ती काढायला लागली. मला रागच आला होता आधी. रांगोळी काढणारा हात तिचा, कुंचला कधी धरलेला नाही. पण बाईने आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, एकीवर एक रचल्या, शिंदेच्या स्टुलाएवढी उंची केली, वर मूर्ती ठेवली आणि स्वतः समोर फतकल मारून बसली. तिथून बघायची, उठायची, एक रेघ ओढायची, परत जाऊन बसायची. एका मूर्तीला इतक्यांदा उठबस की मला तिच्या गुडघ्यांची काळजी वाटायची. त्या वर्षी शिंदेची बायको स्वतः सांगायला आली. म्हणाली, "बाप्पा बघतो हो!" तेवढंच बोलली आणि पेढे ठेवून गेली. मी त्यानंतर डोळ्यांना हात लावला नाही.

कामाची वाटणी मग आपोआप झाली. पुढे ती, मागे मी. ज्याला गोड बोलता येत नाही त्याने गिऱ्हाइकासमोर येऊ नये. एकदा एक जण म्हणाला, इतक्या दिवसांत होईल ना नक्की? मी म्हटलं, नाही झाला तर तुम्हीच बसा मखरात. ती धावत आली आणि त्याला सरबत दिलं. एकटे असाल तर मात्र जीभ शिका, दुसरा इलाज नाही.

बाकीचं भराभर सांगतो. दर सांगताना पायाच्या अंगठ्याकडे बघू नका. एकदा सांगा, तोंडाकडे बघून सांगा आणि गप्प बसा. आपण बोलत राहिलो की दर खाली येतो. कोणी फोनवर फोटो दाखवील, म्हणेल अगदी असाच हवा. फोटो बघा, वाईट म्हणू नका, पण त्याला विचारा यातलं नक्की काय आवडलं. एकाला अख्खा लालबागच्या थाटाचा गणपती हवा होता, विचारत विचारत गेलो तर त्याला फक्त उंदीर आवडला होता. उंदीर तसा केला, माणूस खूश.

श्रावणात रत्नागिरीत काही सुकत नाही, टॉवेलसुद्धा नाही. कॅलेंडर बघून तारीख देऊ नका, आभाळ बघून द्या. आणि नागपंचमीनंतर पाट घ्यायचा नाही म्हणजे नाही. उशिरा आलेला एक पाट आधीच्या सगळ्यांची माती करतो. नाही म्हटलं की माणूस त्या दिवशी चिडतो, पुढच्या वर्षी वेळेत येतो. मूर्तीचा हात मोडला तर बुजवून देऊ नका. फोन करून सांगा, मोडला, दुसरा करतोय. लोक मोडलेल्याला रागावत नाहीत, लपवलेल्याला रागावतात. आणि दुसऱ्या शाळेच्या मूर्तीला नावं ठेवू नका. मी ठेवायचो, मनात. मनात चालतं.

सगळ्या मूर्ती गेल्या की शाळा रिकामी व्हायची, आणि आम्ही दोघं मिळेल त्या गाडीने गावी दादाकडे. आमच्या घरचा गणपती तिथेच. बाबांच्या पद्धतीचे डोळे, उंच जागा, खाली आम्ही सगळे. तिथे मांडी घातली की वाटायचं, आलो घरी. मग विसर्जन व्हायचं, परतीची गाडी हातखंब्याला रत्नागिरीकडे वळायची, वारा खारट लागायचा, आणि मला मेल्याला परत तेच वाटायचं, आलो घरी. दोन्हीकडे तेच कसं वाटतं हे मी मंगलला एकदा विचारलं. ती म्हणाली, "तुमाला गाडीत बसायचा कंटाळा, उतरलं की कुठंपन बरंच वाटतं." आये शेवटपर्यंत मांडवीला आली नाही. समुद्र घरात शिरला का, हे मात्र दर खेपेला विचारायची.

तर यंदा मंगल गेली तेव्हा मूर्ती रंगून तयार होत्या. पाट धुतलेले होते. डोळे राहिले होते.

तेरावं झालं. लेक पुण्याला असते, रेखा. ती म्हणाली, "बाबा, बंद करा शाळा. माझ्याकडे चला. एकटे काय करणार?" दादाचा फोन आला, "गावी ये. तुझी खोली आहे तशी आहे." दोघांचं प्रेम खरं. पडवीत बसलं की सगळ्या मूर्ती समोर, चेहरे गुळगुळीत, डोळ्यांच्या जागी नुसता रंग. रेघ मला येते, हात अजून कापत नाही. पण कोणाचा गणपती किती उंचावर बसतो, समोर कोण बसतं, हे तिच्या डोक्यात होतं आणि ती ते घेऊन गेली. मी आखले असते तर सगळ्यांनी फरशीच बघितली असती. म्हणून ठरवलं. मूर्ती दुसऱ्या शाळेला द्यायच्या, पाट ज्याचे त्याला परत करायचे आणि रेखाकडे जायचं. रेखाला तसं कळवलं. तिने माझ्यासाठी खोली आवरायला घेतली.

पहिला पाट उचलला तो सुर्व्यांचा, कारण त्यांचं घर जवळ, जेटीच्या रस्त्याला. सुर्वेकाकी अंगणात कोळंबी सोलत होत्या. मला काखेत पाट घेऊन येताना बघून म्हणाल्या, "काय मास्तर, कुठं चाललाव?"

"तुमच्याकडेच. पाट परत घ्या. यंदा शाळा बंद."

"कोन म्हनतो?"

"मी म्हणतोय."

"तुमचं कोन ऐकतो मास्तर? आमचा संबंध वैनींशी."

"त्याच नाहीत म्हणून तर आलोय."

काकींनी हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं पाट घेतील. तर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "दिलेला पाट रिकामा घरात घेत नाय आमी. देव येनार म्हनून गेलेला पाट तो. नको असेल तर ठेवा तिथं पायरीवर. भिजूदे."

मी म्हटलं, उगाच हट्ट नको. त्या म्हणाल्या, "हट्ट कोन करतो ता दिसतंय. आत या आदी, चा टाकते."

आत गेलो. खुर्ची होती तिच्यावर बसायला लागलो तर काकी ओरडल्या, "थय नको! ती सासूबाईंची. तुमी हितं खाली बसा, वैनी बसायच्या तिथं."

मी म्हटलं, मंगल इथे कशाला बसायची?

"कशाला म्हंजे? दरवर्षी यायच्या. पाट देऊन मी गेले की आठ दिसांत वैनी हजर. नुसतं तोंडानं सांगितलेलं त्यांना पटायचं नाय. हितं बसायच्या, चा पियाच्या, त्या कपाटाकडे बघायच्या. मग म्हनायच्या, कळला."

मी इतकी वर्षं समजत होतो की ही संध्याकाळची चपला घालून गप्पा छाटायला जाते. गप्पाही छाटत असणारच. ती काही संत नव्हती.

काकी सांगत सुटल्या. यंदा कपाट काढलं, मुलाने टीव्हीचं नवं युनिट केलंय, गणपती त्याच्यावर, म्हणजे आधीपेक्षा खाली. आणि सासूबाईंना आता जमिनीवर बसवत नाही, त्या खुर्चीत असतात. तेवढ्यात म्हातारी आतून काठी टेकत आली, खुर्चीत बसली आणि मला विचारलं, "कोन रे तू?" काकींनी सांगितलं, गणपतीवाले मास्तर. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "ती बरी होती." मी म्हटलं, हो आजी, ती बरी होती. आम्ही तिघंही हसलो, आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा चहाची चव लागली.

निघताना काकींनी पाट परत माझ्या काखेत दिला. मी घेतला. पाट पडवीत ठेवला आणि घरात न शिरता तसाच पुढच्या घरी गेलो, हात हलवत. मग त्याच्या पुढच्या. एका बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर नवराबायकोंनी मला गणपतीची जागा म्हणून कपडे धुवायचं मशीन दाखवलं. वर चादर टाकतात, आत कोणाला कळतं? एका घरात आजोबा अंथरुणावर, त्यांची खाट आतल्या खोलीत, पण दार उघडं ठेवलं की मखराची डावी बाजू दिसते. सूनबाई म्हणाली, "मंगलकाकी डोळे हळूच तिकडे वळवायच्या. समोरून कळायचं नाही. आजोबांना कळायचं." एका ठिकाणी नुसती पोरं, तीही पालथी पडून गोष्टी वाचणारी. म्हणजे डोळे अगदी खाली, थेट बाबांच्यासारखे. तिथे माझं जुनं शिक्षण कामाला आलं. प्रत्येक घरी खाली बसायचं, वर बघायचं, चहा नको म्हणायचं आणि प्यायचा. काही जण रडले, मंगलची आठवण काढून. मी म्हटलं, रडा मग, आधी जागा दाखवा.

त्या संध्याकाळी रेखाला फोन केला. म्हटलं, खोली आवरलीस ते बरं केलंस, दिवाळीला येतो. राहायला नाही. ती चिडली. म्हणाली, "तिथे कोण आहे तुमचं?" मी सांगायला लागलो, कोणाच्या घरी टीव्हीचं युनिट नवीन आहे, कोणाचे आजोबा आतल्या खोलीत असतात, कोणाची म्हातारी खुर्चीत बसते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, चहा किती प्यायलात?" दादालाही कळवलं, की यंदाही गणपतीला येतो, पाहुणा म्हणून, चांगलं जेवण ठेव.

गाव सोडलेल्या माणसाला सगळे विचारतात, तुमचं घर कुठलं. मी जन्मभर देवरूखकडचं गाव सांगत आलो. ते खोटं नव्हतं. त्या घरात कोण कुठल्या खांबाला टेकून बसतं हे मला झोपेत विचारा. पण मांडवीतल्या घरांचं मला काहीच माहीत नव्हतं. मी पडवीत बसून त्यांचे देव घडवत होतो, आणि ही माणसं घरात कशी बसतात ते कधी बघितलं नव्हतं. मंगलने बघितलं होतं, म्हणून ती इथली केव्हाच झाली होती. मी त्या दिवशी झालो. तुम्ही मुंबईला असा, पुण्याला असा, नाहीतर दुबईला असा. आपल्या दुकानातून उठून जरा लोकांच्या घरी जा. धंद्यालाही बरं आणि तुम्हालाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं आणि सुर्व्यांची मूर्ती पाटावर बसवली. पेट्या रचून त्यांच्या युनिटाएवढी उंची केली. घरमालकाकडून खुर्ची मागून आणली आणि म्हातारी बसते तशी जरा डावीकडे कलून बसलो. बघितलं. उठलो, एक रेघ ओढली. परत जाऊन बसलो. परत उठलो. उजवा डोळा मोठा झाला, ओल्या फडक्याने पुसला, पुन्हा काढला. माझे गुडघे बोलायला लागले. शेवटची बुबुळं भरली आणि कुंचला हातात तसाच धरून बाजूला उभा राहिलो. बाप्पा माझ्याकडे बघत नव्हता. रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, तिथे आत्ता कोणीतरी येऊन बसणार आहे असा. म्हणजे जमलं होतं. मी कुंचला धुतला आणि आजोबांची मूर्ती पुढे ओढली.